निळ्या गाडीचं स्टिअरिंग

ट्रॅकच्या तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी मासिकाच्या गाडी-परीक्षकाने ब्रेकवरचा पाय उचलला आणि पिवळी गाडी आत घातली. पुढची चाकं वळली, मागून इंजिनचं वजन आलं, गाडी किंचित बाहेर सरकली आणि लगेच सावरली. सगळं व्हायला हवं तसं झालं. पाठीला ते कळलं, मांड्यांना कळलं. हातांना मात्र काही कळलं नाही.

त्याने आणखी दोन फेऱ्या मारल्या आणि टायरांच्या भिंतीजवळ गाडी उभी केली. इंजिन बंद केलं, पण स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. ही त्याची एकतीस वर्षांची रीत होती. हात स्टिअरिंगवर असतानाच गाडीबद्दलची पहिली ओळ मनात जुळवायची, खिशातल्या कागदावर उतरवायची आणि मगच खाली उतरायचं. तोवर त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, अगदी मासिकाच्या संपादकानेही नाही. आज ओळ अशी जुळली: दिसायला देखणी, पळायला बेफाम, पण स्टिअरिंग मुकं. कागद उघडला तर वर तासाभरापूर्वीची ओळ होती, करड्या गाडीबद्दलची. तिथेही शेवटी हेच लिहिलं होतं.

"गाडी बोलते का?" हा त्याच्या परीक्षणांतला ठरलेला प्रश्न. वेगाचे आकडे कंपनीवाले छापतातच, त्यात आपण काय दिवे लावायचे, असं तो म्हणायचा. वळणावर टायर अजून धरून आहे की सुटायला आलाय, हे स्टिअरिंगने बोटांना सांगितलं पाहिजे. सांगितलं तर चालवण्यात मजा, नाहीतर नुसती पळापळ. गेली पाच-सहा वर्षं तो लिहीत होता की स्टिअरिंगला विजेची मोटर लागल्यापासून स्पोर्ट्स कारची जीभच गेली. वाचकांना ते पटायचं. पूर्वीसारखं काही राहिलं नाही, असं म्हणणाऱ्याला टाळ्या मिळायला कधी अडचण येत नाही.

तुलनेसाठी आज तीन गाड्या होत्या. पिवळी नवी, करडी नवी, आणि तिसरी निळी, सहा वर्षं जुनी, कंपनीने बनवणं केव्हाच थांबवलेली. तिला आणायचं डोकं संपादकाचं. निळीचे मोजके मालक, तिचं स्टिअरिंग बोलतं म्हणून, अजूनही पत्रं पाठवून भांडत. एकदा शेजारी शेजारी चालवून सोक्षमोक्ष लावू, म्हणजे पत्रं तरी थांबतील, असा त्याचा हिशेब.

निळीचं स्टिअरिंग परीक्षकाच्या मेहुण्याने बनवलं होतं. बायकोचा धाकटा भाऊ. लहानपणी घरात त्याला टिल्लू म्हणत, आणि सहा फूट उंच झाला तरी तो टिल्लूच राहिला. कॉलेजात असल्यापासून तो परीक्षकाची परीक्षणं कापून ठेवायचा. गाडी शिकला तोही परीक्षकाला शेजारी बसवूनच. घरी आला की चपला काढता काढता त्याचा पहिला प्रश्न असे, "भाऊजी, कशी होती?" म्हणजे या आठवड्यात चालवलेली गाडी. बहिणीची विचारपूस नंतर. ती म्हणायची, मी काय पायपुसणं आहे का रे दारातलं? पण तिला ते आवडायचं.

निळीच्या स्टिअरिंगवर टिल्लूने चार वर्षं घालवली. मोटर लावायचीच, पण तिने रस्त्याचं बोलणं गिळता कामा नये, एवढंच त्याला साधायचं होतं. गाडी तयार झाली तेव्हा तो स्वतः ती घेऊन परीक्षकाकडे आला होता. परीक्षकाने दोन दिवस चालवली आणि लिहिलं. मथळा दोनच शब्दांचा होता: मुकी गाडी.

सख्ख्या मेहुण्याचीही भीड ठेवली नाही म्हणून लोकांनी त्याची पाठ थोपटली. खरं सांगायचं तर मेहुण्याची गाडी म्हणून त्याने एखादं वाक्य जरा जास्तच धार लावून लिहिलं होतं. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, याची त्याला भारी काळजी. वर्षभरात निळी बंद झाली. टिल्लूला त्याच कंपनीत दुसऱ्या खात्यात टाकलं, एवढं बायकोकडून कळलं. त्यानंतर ती भावाकडे एकटीच जायची आणि परत आल्यावर तिकडचं काही सांगायची नाही. भांडण असं झालंच नव्हतं. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

"माझ्या गाडीत मीही बसले तर चालेल?"

निळीची मालकीण विचारत होती. दातांची डॉक्टर, पन्नाशीची, केस आखूड कापलेले. गाडी द्यायला ती स्वतः आली होती आणि सकाळपासून टपरीवजा खोलीच्या पायरीवर बसून दोन्ही नव्या गाड्यांच्या फेऱ्या बघत होती. शेजारी कुणाला बसवायचं नाही, हा परीक्षकाचा नियम. पण आज त्याचं मन ठिकाणावर नव्हतं. तो हो म्हणून गेला.

निळी पिवळीइतकी वेगवान नव्हती. करडीसारखी घट्टही नव्हती, वळणावर अंग जरा कलतं करायची. पण तिसऱ्या वळणात शिरताना तिने नाक असं अलगद आत घेतलं की परीक्षकाला एकदम आठवलं, हे तेव्हाही जाणवलं होतं, पण त्याने लिहिलं नव्हतं. वळणाच्या मध्यावर ट्रॅकला डांबराचं एक जुनं ठिगळ होतं.

"हे बघा, आता येईल हाताला," बाई म्हणाल्या. "आलं. टायर ठिगळावर चढला की बोटांत बारीक मुंग्या येतात. मग सुटायला लागला की एकदम हलकं होतं. जाणवलं ना?"

"हो," परीक्षक म्हणाला.

एकतीस वर्षांत गाडीबद्दल तो पहिल्यांदाच खोटं बोलला होता.

तो पुन्हा त्या ठिगळावर गेला. पुन्हा गेला. पाचव्या फेरीला त्याने उजवा हात काढून नुसत्या डाव्याने स्टिअरिंग धरलं, मग नुसत्या उजव्याने. बाई आता त्याच्या हातांकडे बघत होत्या. एखादी गाडी मुकी असू शकते, हे त्याला पटत होतं. तीन कंपन्यांच्या तीन गाड्या एकाच सकाळी मुक्या कशा असतील, ते काही पटत नव्हतं.

खोलीत येऊन तो हेल्मेटचा पट्टा सोडवायला लागला. बक्कल सुटेना. त्याने मान वाकडी करून आरशात बघितलं, तेव्हा कुठे बोटं जागेवर गेली.

"कधीपासून होतंय हे?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"बघितल्याशिवाय बोटं चालत नाहीत ते."

त्याने हेल्मेट टेबलावर ठेवलं. "वय झालं आता."

"बसा इथे. हात द्या."

त्यांनी टेबलावरच्या कागदांची एक यू-पिन घेतली, तारेची, वळवलेली. ती उघडून तिची दोन टोकं जवळ आणली. त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि आधी तर्जनीवर, मग शेजारच्या बोटावर काहीतरी टेकवलं.

"किती टोकं आहेत? एक का दोन?"

"एक."

"आता?"

"एकच."

"आता?"

"टेकवलंय का काही?"

त्या गप्प राहिल्या म्हणून त्याने डोळे उघडले. दोन्ही टोकं त्याच्या मधल्या बोटात चांगली रुतली होती, कातडीला दोन खळगे पडले होते. मग त्यांनी तीच पिन करंगळीला लावली. तिथे त्याला दोन्ही टोकं स्पष्ट कळली.

"मनगटातली नस दबलीय," बाई म्हणाल्या. "आमच्या धंद्यात पुष्कळांना होतं. आम्ही दात डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त बघतो ना, म्हणून आम्हाला लवकर कळतं. हाताच्या डॉक्टरांना दाखवा. अंगठ्याच्या मुळाशी हे मांस बसलंय, ते काही काल-परवाचं नाही."

"किती दिवसांचं असेल?"

"दिवस नाही. वर्षं."

आपण काय बोललो ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्या थांबल्या. निळीचं परीक्षणही त्याच वर्षांतलं होतं, आणि ते त्यांना तोंडपाठ होतं. गाडी आधी चालवून बघितली असल्याने ते वाचून चिडूनच तर त्यांनी ती घेतली होती. त्यांनी पिन पुन्हा वळवून कागदांना लावली आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"गाडी दोन दिवस राहू दे तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."

दुसऱ्या दिवशी हाताच्या डॉक्टरांनी तारा लावून तपासलं आणि सहा-सात वर्षं तरी, असं सांगितलं. शस्त्रक्रिया छोटी असते, दुखणं वाढायचं थांबेल. स्पर्श परत येईल का, तर सांगता येत नाही, उशीर झालाय. परीक्षकाने मान हलवली आणि शर्टाच्या बाह्या खाली केल्या. बटणं तशीच उघडी ठेवून तो घरी आला.

बायको भाजी निवडत होती. त्याने तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, मध्ये न थांबता. ती ऐकत होती आणि तिचे हात चालू होते. मग तिने त्याचा एक हात ओढून घेतला आणि बाहीचं बटण लावलं, दुसऱ्याचंही लावलं.

"सहा वर्षं लावतेय," ती म्हणाली. "परीक्षणांना पंचवीस वर्षं झाली म्हणून तुमचा सत्कार झाला, त्या दिवसापासून. काज घट्ट आहे म्हणाला होतात."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"मला काय कळणार? मला वाटलं, सवय लागलीय लाडाची." तिने देठ वेगळे केले. मग मान खाली घालूनच म्हणाली, "टिल्लूला सांगा. छापून येईल तेव्हा येईल. आधी त्याला तोंडाने सांगा."

तो निळी घेऊनच निघाला. रस्ताभर त्याने वाक्यं जुळवली आणि मोडली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मेहनतीवर दोन ओळींत निकाल देणाऱ्या माणसाला स्वतःबद्दलची एक ओळ धड जमेना. चूक झाली, असं म्हणावं तर ते फारच स्वस्त वाटत होतं. मला माहीत नव्हतं, म्हणावं तर ती पळवाट होती. त्याला शरम वाटत होती, आणि तिच्याहीपेक्षा जास्त भीती.

कंपनीच्या मागच्या बाजूला पाण्याची खोली होती. तिथे नव्या गाडीवर चारी बाजूंनी पाण्याचा मारा करतात आणि दारांच्या रबरी पट्ट्यांतून कुठे थेंब आत येतो का, ते आत बसून शोधतात. टिल्लूचं खातं हे. परीक्षक पोचला तेव्हा काचेपलीकडे सामान वाहायच्या एका पांढऱ्या गाडीवर पाणी कोसळत होतं आणि आत मेहुणा बॅटरी घेऊन दाराच्या कोपऱ्यात डोकं खुपसून बसला होता. सहा फुटी माणूस, गुडघे हनुवटीला लागलेले. पाणी थांबल्यावर तो बाहेर आला, गुडघे झटकले, आणि परीक्षकाला बघून जागच्या जागी थबकला.

"भाऊजी? ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. तुझ्याकडेच आलो."

"बसा ना." बसायला काही नव्हतं. त्याने एक उलटी बादली पुढे सरकवली, मग ती ओली आहे हे बघून बाहीने पुसली. त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. परीक्षकाला ते माहीत नव्हतं.

परीक्षकाने बसून सांगितलं. ट्रॅकवरच्या तीन गाड्या, यू-पिन, डॉक्टर, सहा-सात वर्षं. "तुझं स्टिअरिंग मुकं नव्हतं," तो म्हणाला. "माझे हात गेले होते. आणि मी तुला बुडवलं. पुढच्या अंकात मी हे सगळं लिहिणार आहे, माझं नाव घालून. कंपनीच्या साहेबांनाही भेटतो. त्यांनी माझ्या लिहिण्यावरून तुझी गाडी बंद केली, तर त्यांना कळू दे."

टिल्लू बॅटरीचं बटण दाबत होता, सोडत होता.

"साहेबांनी नाही बंद केली," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"साहेब तर म्हणाले होते, एका परीक्षणाचं काय एवढं. बाकीच्यांनी बरं लिहिलं होतं. दोघा-तिघांनी तर फारच बरं." त्याने बॅटरी खिशात ठेवली. "मी तुमचं वाचलं आणि गाडी काढली. लागोपाठ तीन रविवार चालवली. पहिल्या रविवारी मला वाटलं, भाऊजींचं काहीतरी चुकलंय. दुसऱ्या रविवारी वाटलं, थोडं आहे खरं त्यांच्या म्हणण्यात. तिसऱ्या रविवारी मला काहीच कळेना हाताला. अगदी लाकूड. मग मीच जाऊन सांगितलं साहेबांना, की हे जमलेलं नाही, थांबवा. आणि हे खातं मागून घेतलं."

"मागून घेतलंस?"

"इथे पाणी आत येतं किंवा येत नाही," टिल्लू म्हणाला. "दिसतं डोळ्यांना."

छताच्या नळ्यांतून उरलेलं पाणी गाडीच्या टपावर टपटपत होतं. या खोलीत येईपर्यंत त्याची समजूत होती की आपण एका माणसाची नोकरीतली जागा घालवली. तेवढं तरी कागदावर भरून देता आलं असतं.

"निळी बाहेर उभी आहे," तो शेवटी म्हणाला. "आणलीय मी. तू चालव. आता तर तुला ठाऊक आहे ना, दोष कुणाचा होता ते. एकदा चालवून बघ."

टिल्लूने नको म्हणून बघितलं. जेवणाची सुट्टी व्हायला वेळ आहे, कपडे ओले आहेत, सीट खराब होईल. पण बाहेर येऊन निळी दिसल्यावर त्याच्या सबबी संपल्या. तिच्याभोवती एक चक्कर मारून त्याने पुढच्या चाकाजवळ वाकून बघितलं. मग सीटवर एक जुनं पोतं अंथरून बसला. परीक्षक शेजारी बसला.

कारखान्याच्या भिंतीला लागून एक रिकामा रस्ता होता. पुढे पाण्याच्या टाकीला वळसा घालून तो परत फाटकाशी यायचा. टाकीचं वळण लांबलचक आणि बाहेरच्या बाजूला खडबडीत होतं. अशा वळणावर परीक्षक पूर्वी एका वाक्यात गाडी पास करायचा. पहिला वळसा टिल्लूने हळू घेतला. दुसरा जरा वेगात. तिसऱ्या वेळी त्याने नेमका गिअर टाकला, ब्रेक जिथे सोडायचा तिथेच सोडला आणि निळी टाकीभोवती सुरेख फिरली. वळणाच्या मध्यावर खडबडीत पट्टा आला तसा टिल्लूच्या बोटांनी पकड किंचित ढिली केली, आणि पट्टा संपताच पुन्हा घट्ट केली. त्याचं त्यालाही ते कळलं नसेल. परीक्षकाने मात्र ते डोळ्यांनी स्पष्ट बघितलं. ती बोटं ऐकत होती.

त्याचं मन एकदम हलकं झालं. फाटकाशी टिल्लूने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले. बोलायची पाळी आज परीक्षकाची नव्हती. तो वाट बघत राहिला.

टिल्लू समोर बघत होता. त्याचा अंगठा स्टिअरिंगच्या कडेवरून पुढे-मागे फिरत होता.

मग त्याने परीक्षकाकडे वळून विचारलं, "भाऊजी, कशी होती?"

तो विनोद करत नव्हता. खरंच उत्तराची वाट बघत होता.